चरणाद्रीचे नकाशे : वेरूळच्या तीर्थभूमीच्या मोजणीचा इतिहास

तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ नदीचा उतार, म्हणजे पाण्यातून पैलतीरी जाता येईल अशी जागा. संसारसागर तरून जाण्यासाठी असा उतार जे निर्माण करतात ते तीर्थंकर, ही व्याख्या प्रत्येक जैन घरात बालपणापासून कानी पडते. तीर्थ ही जागा असल्यामुळे तिचा ठावठिकाणा सांगावा लागतो, वाट दाखवावी लागते. म्हणूनच तीर्थांच्या इतिहासाबरोबर तीर्थांच्या नकाशांचाही इतिहास आहे. तो फारसा सांगितला जात नाही. तथापि एखाद्या समाजाची ओळख जगापुढे कशी मांडली गेली, हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्य कशातून होत असेल.

महाराष्ट्रात या दृष्टीने वेरूळच्या परिसरासारखे दुसरे उदाहरण नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील ही डोंगररांग अवघ्या काही मैलांची. तिच्या पश्चिमेकडील कड्यात सुमारे दोन किलोमीटर अंतरात बौद्ध, वैदिक व जैन अशा तिन्ही परंपरांची लेणी कोरलेली आहेत. पायथ्याशी बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असे घृष्णेश्वराचे मंदिर आहे. भोसले घराण्याच्या पाटीलकीचे हे गाव. मालोजीराजांनी या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि अठराव्या शतकात होळकर घराण्याने ते पुन्हा बांधले. डोंगराच्या माथ्यावर थोड्या अंतरावर खुलताबाद आहे. इ. स. १३३७ मध्ये निधन पावलेले सूफी संत बुर्‍हानुद्दीन गरीब यांची दर्गा तेथे आहे आणि १७०७ मध्ये मृत्यू पावलेल्या औरंगजेबाची साधी कबरही तेथेच आहे. महानुभाव पंथाचे श्रीचक्रधरस्वामी यांचेही वेरूळ येथे वास्तव्य झाले. इतक्या परंपरांना वंदनीय असलेली ही भूमी कोणी, कधी व कशी मोजली, त्या मोजणीत कोणाचे काय राहून गेले, हा या लेखाचा विषय आहे.

मोजपट्टीपूर्वीचे नकाशे

नकाशा म्हणजे कागदावरील प्रमाणबद्ध रेखाटन, ही समजूत तुलनेने अलीकडची आहे. त्यापूर्वीही या देशात तीर्थांचे नकाशे होते. त्यांची पद्धत मात्र निराळी होती. बारा ज्योतिर्लिंगांच्या नावांची माळ हा भाविकाच्या मुखी असलेला एक नकाशाच होय. जैन मुनींनी रचलेल्या तीर्थमाळा आणि चैत्यपरिपाटी यांमध्ये गावोगावच्या मंदिरांची नावे क्रमाने येतात. वाचणाऱ्याला त्यांतून वाट सापडते. महानुभावांची 'स्थानपोथी' तर मराठी भाषेचे भूषण ठरावी. स्वामी जेथे जेथे राहिले, बसले, जेवले, त्या स्थानांची नोंद तिच्यात दिशा, दारे व आजूबाजूच्या खुणा यांसह केलेली आहे. चौदाव्या शतकात मराठीत लिहिलेले हे स्थलवर्णन भूमापकाच्या टिपणवहीची आठवण करून देणारे आहे.

जैन समाजाचा खास वारसा म्हणजे तीर्थपट. पट म्हणजे कापड. सुती कापडाला खळ लावून, घोटून गुळगुळीत करून त्यावर शत्रुंजयासारख्या तीर्थाचे चित्र रंगविले जाई. ज्यांना पालीताण्यास जाणे शक्य नाही त्यांनी कार्तिकी पौर्णिमेस अशा पटासमोर जाऊन भावयात्रा करावी, ही प्रथा आजही अनेक गावी पाळली जाते. या पटात मैलाला इंच असे प्रमाण नसते. मूलनायकाचे मंदिर मोठे, पायऱ्यांवरचे यात्रेकरू लहान, आणि नदी, कुंड, वृक्ष हे सर्व आपापल्या महत्त्वाप्रमाणे. अंतर मोजण्याऐवजी भाव मोजणारा हा नकाशा होय. त्याला चुकीचा म्हणता येणार नाही. त्याचे माप वेगळे आहे एवढेच.

पाहुण्यांच्या वह्या

वेरूळचे वर्णन करणाऱ्या आरंभीच्या युरोपीय प्रवाशांत फ्रेंच प्रवासी जाँ द थेवनो यांचे नाव महत्त्वाचे आहे. त्यांनी १६६७ मध्ये ही लेणी पाहिली. पुढील शतकात आंकेतिल द्युपेराँ हे दुसरे फ्रेंच अभ्यासक तेथे आले. त्यांचे वर्णन १७७१ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु पद्धतशीर रेखाटनाचे काम सुरू झाले ते पुण्याच्या पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या १७९४ मधील भेटीपासून. मॅलेट यांच्या पदरी गंगाराम चिंतामण तांबट या नावाचे पुण्याचे चित्रकार होते. त्यांनी वेरूळची जी चित्रे काढली ती आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. एका मराठी कारागिराने कागदावर उतरविलेले हे वेरूळ आजही अभ्यासकांना उपयोगी पडते. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांनीही त्याच सुमारास लेण्यांची चित्रे काढली. १७९५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या चित्रांवरून थॉमस डॅनियल यांनी १८०३ मध्ये लंडन येथे वेरूळचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला.

मॅलेट यांचा वृत्तांत 'एशियाटिक रिसर्चेस' या नियतकालिकाच्या सहाव्या खंडात छापला गेला. त्यात एक मनोरंजक नोंद आहे. लेणी कोणी व केव्हा खोदली, असे त्यांनी स्थानिकांना विचारले. मुस्लिम माहितगाराने ईल राजाचे नाव सांगून काळ नऊशे वर्षांपूर्वीचा दिला. ब्राह्मण माहितगाराने तोच काळ सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचा सांगितला. आजच्या संशोधनानुसार कैलास लेणे आठव्या शतकातील व जैन लेणी मुख्यत्वे नवव्या-दहाव्या शतकातील आहेत, म्हणजे पहिला आकडा सत्याच्या बराच जवळचा होता. ईल राजाची कथा विदर्भातील अचलपूर आणि शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ यांच्याशीही जोडलेली असल्यामुळे जैन वाचकांना ती परिचित आहेच.

या पहिल्या पिढीच्या कागदांवर लेण्यांची जी नावे चढली ती वाटाड्यांनी सांगितलेली होती. दहाव्या लेण्यातील बौद्ध चैत्याला सुतार समाज विश्वकर्म्याचे स्थान मानीत असे, म्हणून ते 'सुतारांची झोपडी' झाले. काही बौद्ध विहारांना गावातील जातवार वस्त्यांची नावे चिकटली. तेथे राहून गेलेल्या भिक्षूंशी त्या नावांचा काहीही संबंध नव्हता. अकराव्या लेण्याला 'दोन ताल' म्हणत. १८७६ मध्ये माती उपसल्यावर खाली तिसरा मजला निघाला, तरी कागदावरील नाव बदलले नाही.

जैन लेण्यांच्या बाबतीत हा घोटाळा अधिक खोल गेला. आज ज्याला बत्तिसावे लेणे म्हणतात तेथे हत्तीवर आरूढ अशी एक भव्य यक्षमूर्ती आहे, आणि तिच्या जोडीला आम्रवृक्षाखाली सिंहारूढ अंबिका यक्षी आहे. हत्ती दिसताच पाहणाऱ्यांनी त्या मूर्तीला इंद्र ठरविले, अंबिकेला इंद्राणी ठरविले आणि संपूर्ण लेण्याला 'इंद्रसभा' असे नाव दिले. वस्तुतः ती मूर्ती जिनशासनाच्या रक्षक यक्षाची असून अभ्यासक तिला सर्वानुभूती किंवा मातंग या नावांनी ओळखतात. गाभाऱ्यात विराजमान जिनेश्वर, भिंतीवरील पार्श्वनाथ आणि वेलींनी वेढलेले बाहुबली हे त्या मंदिराचे खरे आराध्य. तेथे मुख्य कोण आणि सेवक कोण, हेच नावामुळे उलटे झाले. त्या काळी युरोपीय विद्वानांपैकी अनेक जण जैन धर्माला बौद्ध धर्माची शाखा समजत असत. त्यामुळे पद्मासनस्थ जिनमूर्ती दिसली की ती बुद्धाची म्हणून नोंदविली जाण्याचा धोका सर्वत्र होता.

साखळी, कोन आणि क्रमांक

याच काळात भारताच्या मोजणीचे एक प्रचंड कार्य सुरू झाले होते. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात सुमारे साडेसात मैलांची पायारेषा साखळीने मोजली. एक बाजू अचूक मोजावयाची, तिच्या दोन्ही टोकांकडून दूरच्या उंच खुणेचे कोन घ्यावयाचे आणि गणिताने त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू काढावयाच्या. मग त्यांतील एका बाजूवर पुढचा त्रिकोण उभारावयाचा, अशी ती रीत. उंच खुणा म्हणून डोंगरमाथे, किल्ले आणि मंदिरांची शिखरे यांचा उपयोग होई. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर चढविताना लॅम्बटन यांचे अवजड कोनमापक यंत्र आपटून नादुरुस्त झाले, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. पुढे ही साखळी निजामाच्या मुलखातून उत्तरेकडे सरकली. १८२३ मध्ये लॅम्बटन यांचा मृत्यू विदर्भातील हिंगणघाट येथे झाला. त्यांच्या त्रिकोणांमुळे दख्खनमधील गावे, डोंगर व नद्या पृथ्वीच्या पाठीवर आपापल्या अचूक जागी बसविता येऊ लागल्या.

देशाचा नकाशा झाला, तरी लेण्यांचा नकाशा व्हावयाचा होता. जेम्स फर्ग्युसन यांनी १८४५ मध्ये भारतीय लेण्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ऐकीव कथांऐवजी वास्तूच्या घडणीवरून काळ ठरविण्याची दिशा दाखविली. १८४८ मध्ये मुंबईत लेण्यांच्या अभ्यासासाठी एक आयोग नेमला गेला. परंतु या क्षेत्रातील सर्वांत मोठे नाव जेम्स बर्जेस यांचे. उरण तालुक्याच्या किनाऱ्यासमोरील घारापुरीच्या लेण्यांवरही त्यांनीच १८७१ मध्ये पुस्तक लिहिले होते, हे जासई परिसरातील वाचकांना जाणून घेणे आवडेल. १८७७ मध्ये त्यांची वेरूळवरील मार्गदर्शिका आली, १८८० मध्ये फर्ग्युसन यांच्यासमवेत लिहिलेला लेण्यांवरील बृहद्ग्रंथ आला आणि १८८३ मध्ये वेरूळचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. प्रत्येक लेण्याचा तळआराखडा, खांबांची संख्या, दालनांची लांबी-रुंदी, मूर्तींची मापे, सर्व काही त्यांत आहे.

आज पर्यटक ज्या क्रमांकांनी लेणी ओळखतात ते याच परंपरेतून आले. दक्षिणेकडून उत्तरेकडे १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ वैदिक आणि ३० ते ३४ जैन. हे क्रमांक जागेचे आहेत, काळाचे नाहीत. तरीही ते वाचता वाचता लोकांच्या मनात एक इतिहास तयार झाला : आधी बौद्ध आले, मग हिंदू, शेवटी जैन. प्रत्यक्षात १९६७ मध्ये अमेरिकन संशोधक वॉल्टर स्पिंक यांनी असे प्रतिपादन केले की, वेरूळची आरंभीची लेणी सहाव्या शतकातील शैव लेणी आहेत. एकविसावे रामेश्वर व एकोणतिसावे धुमार लेणे त्यांपैकीच. बौद्ध लेणी त्यानंतरची. हे मत पुढे बहुतेक अभ्यासकांनी स्वीकारले. म्हणजे पहिला क्रमांक मिळालेले लेणे पहिले नव्हे.

नकाशाने दुसराही एक परिणाम घडविला. डोंगर एक, दगड एक, पुष्कळदा कारागिरांची घराणीही एकच असावीत असे घडणीवरून वाटते. तिसाव्या जैन लेण्यास 'छोटा कैलास' म्हणतात, कारण सोळाव्या लेण्यातील कैलासाची घडण त्यात लहान प्रमाणावर उतरविली आहे. असे परस्परांकडे पाहणारे शिल्प तीन रंगांच्या तीन गटांत विभागले गेले. आणि खुलताबाद तर लेण्यांच्या आराखड्यात आलेच नाही. ते वेगळ्या पुस्तकात, वेगळ्या विभागात गेले. वास्तविक ज्या वाटेने यात्रेकरू घृष्णेश्वराला येत त्याच घाटाने दर्ग्यालाही जात.

जेरुसलेमचा दाखला

अशी गोष्ट केवळ येथेच घडली असे नाही. यहुदी, ख्रिस्ती व मुस्लिम अशा तिन्ही धर्मांना पवित्र असलेल्या जेरुसलेम शहराची शास्त्रशुद्ध मोजणी चार्ल्स विल्सन यांनी १८६४-६५ मध्ये केली. शहराचा पाणीपुरवठा सुधारावा हा तिचा प्रकट हेतू होता. १८६५ मध्ये लंडनला पॅलेस्टाइन संशोधनासाठी निधी-संस्था स्थापन झाली आणि १८७१ ते १८७७ या काळात मैलाला एक इंच या प्रमाणात त्या भूमीच्या पश्चिम भागाची मोजणी पूर्ण करण्यात आली. १८८० मध्ये तिचे २६ नकाशे प्रसिद्ध झाले. पुढे भारताचे सरसेनापती झालेले किचनर हे त्या मोजणीतील एक तरुण अधिकारी होते. या मोजणीदारांचा मुख्य शोध बायबलमधील स्थळांचा होता. तेथे राहणाऱ्या लोकांच्या आठवणी त्यांना त्या शोधाचे साधन म्हणून हव्या होत्या. वेरूळचे बर्जेस आणि जेरुसलेमचे विल्सन हे समकालीन. दोन्हीकडे मोजणी अचूक होती, दोन्हीकडे प्रश्न मात्र बाहेरून आलेल्यांनी ठरविलेले होते.

शिलालेखाने केलेली दुरुस्ती

मात्र याच मोजणीने जैन समाजाला एक अमोल गोष्ट परत मिळवून दिली, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. जैन लेण्यांच्या वरच्या बाजूस डोंगरावर भगवान पार्श्वनाथांची एक विशाल बैठी मूर्ती आहे. बर्जेस यांनी तिची उंची सुमारे १६ फूट नोंदविली. तिच्या आसनावरील संस्कृत लेखाचे वाचन व भाषांतर त्यांच्या ग्रंथांतून प्रसिद्ध झाले. लेखाचा काळ शके ११५६, म्हणजे इ. स. १२३५ चा फाल्गुन महिना. देवगिरीवर तेव्हा यादव राजा सिंघण याची सत्ता होती. वर्धनपूर येथील घराण्यातील चक्रेश्वर नावाच्या श्रावकाने ही प्रतिमा करविली आणि अनेक जिनप्रतिमा घडवून या डोंगराला तीर्थ बनविले, जसे भरत चक्रवर्तीने कैलासाला बनविले, असा त्याचा आशय आहे. डोंगराचे नावही तेथे आहे : चरणाद्री, चारणांचा वास असलेला पर्वत.

या चार ओळींचे महत्त्व फार मोठे आहे. जैन लेणी ही शेवटी उरलेली, विस्मृतीत गेलेली गुहामंदिरे होती, हा समज त्यांनी खोडून काढला. लेणी कोरली गेल्यानंतर तीनशे वर्षांनीही तेथे श्रावक येत होते, दान देत होते, नव्या प्रतिमा घडवीत होते. शिवाय कैलास हे नाव केवळ सोळाव्या लेण्यापुरते नाही. जैन परंपरेत कैलास म्हणजे अष्टापद, भगवान ऋषभदेवांची निर्वाणभूमी. एकाच डोंगरावर शैव भाविकाला शिवाचा कैलास आणि जैन श्रावकाला भरताचा कैलास दिसत होता. चक्रेश्वराच्या लेखानंतर काही दशकांतच श्रीचक्रधरस्वामींचे पाय या भूमीला लागले, आणि पुढील शतकात बुर्‍हानुद्दीन गरीब माथ्यावर विसावले. इतक्या थोड्या काळात इतक्या परंपरांनी ज्या भूमीला आपले मानले तिचा हा इतिहास मोजपट्टीत मावणारा नव्हता. दगडावर कोरणाऱ्या एका श्रावकाने तो जपून ठेवला.

विसाव्या शतकात हे काम पुढे गेले. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानचा पुरातत्त्व विभाग स्थापन झाला आणि गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली लेण्यांची दुरुस्ती व नोंदणी झाली. स्वातंत्र्यानंतर लेणी राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून केंद्राच्या संरक्षणाखाली आली. १९८३ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. होजे परेरा यांचा जैन लेण्यांतील मूर्तिविधानावरील ग्रंथ १९७७ मध्ये, तर लिसा ओवेन यांचा त्याच लेण्यांतील भक्तिपरंपरेवरील ग्रंथ २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी 'इंद्र' ठरलेला यक्ष अशा रीतीने अभ्यासाच्या पुस्तकांत स्वतःच्या नावाने परतला. पर्यटकांच्या तोंडी मात्र अद्यापि 'इंद्रसभा' हेच नाव आहे.

नोंदीचे मोल

कागदावर ओढलेल्या रेषेचे मोल जासईकरांना वेगळे सांगावयास नको. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहराच्या आराखड्यात आल्या. ज्या शेतांना, मिठागरांना व बांधांना पिढ्यान्‌पिढ्या नावे होती ती सर्व्हे क्रमांकांनी ओळखली जाऊ लागली. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात जे आंदोलन झाले त्यात पाच जणांनी प्राण गमावले. त्या लढ्यातूनच पुढे विकसित भूखंड परत देण्याच्या साडेबारा टक्के योजनेचा मार्ग मोकळा झाला. आराखडा करणाऱ्याला गावाचे क्षेत्रफळ कळते. गावाचे मन कळावे यासाठी गावालाच बोलावे लागते.

तीर्थांचे व मंदिरांचेही तसेच आहे. प्रत्येक संघाकडे प्रतिमांवरील लेख, प्रतिष्ठेचे मुहूर्त, दात्यांची नावे, जुने पट, हस्तलिखिते आणि वृद्धांच्या स्मरणातील हकिकती असतात. प्रक्षाल करताना वर्षानुवर्षांच्या घर्षणाने धातुप्रतिमांच्या पाठीवरील अक्षरे हळूहळू पुसट होत जातात. ती वाचून, छायाचित्र घेऊन, तिथीसह वहीत उतरवून ठेवणे यास मोठा खर्च येत नाही. व्यापारी समाजाला रोजमेळ व खतावणी यांची सवय शतकानुशतकांची आहे. जमाखर्चाची एक ओळ चुकली तर ती शोधण्यासाठी रात्र जागविणारा हा समाज आहे. तीच काळजी धर्मस्थानांच्या नोंदींबाबत घेतली गेली पाहिजे, कारण अशी नोंद नसली तर नाव देण्याचे काम जाणारा-येणारा वाटाड्या करतो आणि मग ते नाव शतकभर चालते.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने गत ५० वर्षांचा आढावा घेताना येथील संघानेही आपल्या प्रतिमालेखांची व ऐतिहासिक कागदपत्रांची अशी एक सूची सिद्ध करावी, आणि वेरूळची यात्रा करणाऱ्या साधर्मिकांनी चौतिसाव्या लेण्यावरून माघारी न फिरता वर डोंगरावर जाऊन चक्रेश्वराने करविलेल्या पार्श्वप्रभूंचे दर्शन अवश्य घ्यावे, एवढीच अपेक्षा.